भाऊसो कंडक्टरचा मुठीतला कॅमेरा

ती खिट्टी ओढताना माझा हेतू वाईट नव्हता. हे मी भाऊसो चौगुलेला त्या दिवशी निदान दहा वेळा सांगितलं, आणि दहाही वेळा त्याने ते ऐकलं नाही, कारण तो ओरडत होता.

झालं ते असं. साल चौऱ्याहत्तर. कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवरच्या कँटीनमध्ये आम्ही दोघे चहा घेत होतो. भाऊसो कोल्हापूर-कोडोली गाडीचा कंडक्टर, आणि मी त्याच गाडीने रोज कोडोलीला भूगोल शिकवायला जाणारा मास्तर. भाऊसो कंट्रोलरच्या खिडकीकडे गेला आणि जाताना आपला कॅमेरा टेबलावर ठेवून गेला. काड्यापेटीचा थोरला भाऊ शोभेल एवढाच तो कॅमेरा. मी उचलला. हलवून पाहिला. कानाला लावला. मग बाजूला एक खिट्टी दिसली, ती ओढली. टक्कन पाठ उघडली. तिथेच ती मिटली असती तर निम्मं पाप टळलं असतं. पण आत फिल्मची गुंडाळी दिसली, आणि मी ती वीतभर बाहेर ओढून, खिडकीतल्या उन्हात धरून, तिच्यात कोण कोण दिसतंय ते बघू लागलो.

कोणीच दिसत नव्हतं.

"मास्तर!"

या हाकेने पलीकडच्या टेबलावरचे दोन ड्रायव्हर उभे राहिले. भाऊसो धावत आला, त्याने कॅमेरा माझ्या हातातून हिसकावला, झाकण दाबून बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढून त्यावर घातली. जणू आता तरी ऊन लागू नये.

"काय केलासा हे! अवो काय केलासा!"

"फोटो आलेत का ते बघत होतो."

"उन्हात? फोटू काय सांडगं हायत व्हय, वाळाय घालाय?"

"अहो भाऊसो, दुसरा रोल आणू. मी आणतो."

"रोल आनशीला. आक्काचा दात कुठनं आनशीला?"

दाताचं मला काही कळलं नाही, पण त्याचा आवाज त्या शब्दावर फाटला तेवढं कळलं.

भाऊसोचा राग ही तशी कोडोली रस्त्यावरची सार्वजनिक सोय होती. गाडी पंचगंगेच्या पुलावर येईपर्यंत तो निम्म्या गाडीला बोलून झालेला असे. "पावणं, आत सरका की! दारात काय तोरन बांधायचंय तुमचं?" लोकही चिडत नसत. एखाद्या दिवशी तो गप्प असला की बायका विचारत, "कंडक्टर, बरं न्हाय व्हय?"

मात्र त्याचा खरा राग होता फोटोंवर. म्हणजे फोटो काढून घ्यायच्या लोकांच्या रीतीवर. कॅमेरा दिसला की आपला माणूस मरतो, असं त्याचं ठाम मत. बाई डोक्यावर पदर ओढते, बाप्या मान ताठ करतो, पोरांना थोबाडीत मारून गप्प उभं करतात, आणि हसणारा कोणी असलाच तर त्याला म्हणतात, "फोटू निघतोय, हसू नगोस." या सगळ्याची तो नक्कल करून दाखवी, आणि नक्कल संपेपर्यंत स्वतःच लाल होई.

त्याचं कारण त्याच्या शुक्रवार पेठेतल्या खोलीत भिंतीवर टांगलेलं होतं. त्याच्या आईचा फोटो. ती वारली तेव्हा तिचा एकही फोटो घरात नव्हता. मग कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो सापडला. स्टुडिओवाल्याने त्यातलं तिचं डोकं खांद्यासकट कापून घेतलं, खाली भलत्याच बाईचं शालू नेसलेलं अंग जोडलं, नाकात नथ रंगवली आणि चौकट करून दिली. खांद्यावर शेजारणीची चार बोटं राहून गेली होती. ती कुणाची, यावर चौगुल्यांच्यात अजून एकमत नव्हतं.

"माझ्या आईनं जल्मात नथ घातली न्हाय," भाऊसो सांगे. "ह्या बाईला मी वळकत न्हाय. आनि दर वर्साला हिलाच हार घालतोय!"

म्हणून हा कॅमेरा. कोल्हापुरात सिनेमाच्या कंपन्यांमुळे कॅमेरेवाल्यांना तोटा नव्हता. त्यांच्यातल्या एकाने हे खेळणं काय कामाचं म्हणून विकायला काढलं, ते भाऊसोने घेतलं. छत्तीस फोटोंच्या रोलात तो अर्धे अर्धे करून बहात्तर फोटो काढी. कॅमेरा खाकी शर्टाच्या खिशात मावे, आणि मुठीत धरला तर बाहेर फक्त काच डोकावे. एका हातात तिकिटांची पेटी, तिच्या आडून दुसरी मूठ. डोळ्याला न लावता तो फोटो काढी. मांडीवर कोंबडी घेऊन पेंगणारी म्हातारी. जोतिबाहून उतरून गाडीत शिरलेला, कपाळापासून मानेपर्यंत गुलालाने माखलेला आणि सुटे पैसे शोधणारा भक्त. खिडकीतून तोंड बाहेर काढून एकटाच गाणारा पैलवान. प्रत आली की ज्याची त्याला नेऊन देई, आणि तिथे नवीन भांडण होई. कोडोलीच्या हंबीरराव सावकारांनी आपला जांभईतला फोटो चार लोकांसमोर फाडला. भाऊसोने दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरी प्रत दिली.

आणि आता आक्का. भाऊसोची थोरली बहीण, कोडोलीतच दिलेली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. तिचा वरचा एक दात पुढे, आणि तोही आडवा. त्या दातापायी दोन स्थळं मोडली होती. तेव्हापासून आक्का तोंडावर पदर घेतल्याशिवाय हसली नव्हती. तीस वर्षं. पण चार महिन्यांपूर्वी ती अंगणात शेणी थापत असताना भाऊसो भेटायला गेला आणि शेळीने त्याच्या खिशातलं सरकारी तिकिटांचं बंडल ओढून चघळायला सुरुवात केली. भाऊसो शेळीमागे, शेळी उकिरड्यावर. आक्काला हसू आवरेना आणि दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले, पदर घेणार कशाने? शेळीचा नाद सोडून भाऊसोने मूठ वर केली. दातासकट पूर्ण हसणं. एकच फोटो, आणि तो रोल अजून संपायचा होता.

नंतर हिरड्या सुजल्या म्हणून आक्काला कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी वरचे सगळे दात काढले. मी फिल्म उन्हात धरली त्याच्या आदल्याच आठवड्यात.

फिल्म धुऊन आली तेव्हा मी भाऊसोबरोबर स्टुडिओत उभा होतो. गुंडाळीच्या आतल्या पदराचे वीसेक फोटो वाचले होते. पुढे सगळी पट्टी काळीकुट्ट. आक्का काळ्यात होती. वाचलेल्यांत एक फोटो माझा होता: खिडकीला डोकं टेकून झोपलेला, चष्मा नाकाच्या टोकावर, तोंड उघडं.

भाऊसोने तो बराच वेळ पाहिला.

"तुमचा वाचला," तो म्हणाला.

यापेक्षा त्याने मला स्टँडवर फटकावलं असतं तर बरं झालं असतं.

पुढचे तीन आठवडे तो माझ्याशी फक्त "तिकीट" एवढंच बोलला. मला शिवीही नाही. साऱ्या गाडीवर तो खेकसे, माझ्यापाशी आला की गार पडे. लोक माझ्याकडे संशयाने बघू लागले. शेवटी एका रविवारी मी बत्ताशांचा पुडा घेऊन आक्कांची माफी मागायला थेट त्यांच्या घरी गेलो. भाऊसो अंगणातच बसला होता. मला पाहून त्याने तोंड फिरवलं.

आक्कांना मी सगळं सांगितलं. खिट्टी, ऊन, काळी पट्टी. त्या ऐकत गेल्या आणि रागाने लाल होत गेल्या. पण माझ्यावर नाही.

"माझ्या दाताचा फोटू?" त्या भावाकडे वळल्या. "तुला कुनी सांगितलंतं रं? जल्मभर झाकला त्यो दात, आनि तू भितीवर टांगनार हुतास?"

"आक्का, अगं तू हसलीवतीस..."

"हसलीवती म्हनून? इचारलंस मला? मेल्या, गाडीतल्या लोकांचं तोंड गावभर दाकवतोस, आता बहिनीचं? बरं जाळलासा मास्तर. लई बरं केलासा!"

भाऊसो, ज्याने उभ्या रस्त्याला आवाजाने गार केलं होतं, तो मान खाली घालून अंगणातली काडी मोडत होता. मला त्या क्षणी सुटका वाटायला हवी होती. वाटली नाही. त्याच्या हातात दिवसभर साऱ्या जगाची तोंडं येत, आणि त्याला त्यातलं एकच, आपल्या बहिणीचं, हवं होतं.

आक्कांना बहुधा तेच दिसलं असावं. त्या जराशाने म्हणाल्या, "काढ. आता काढ. आता झाकायचं काय ऱ्हायलंय?" आणि बोळकं उघडून, पदर खांद्यावरच ठेवून, त्याच्याकडे बघून मोकळ्या हसल्या. भाऊसोने पहिल्यांदाच कॅमेरा मुठीतून काढून डोळ्याला लावला. टिक् झालं.

परत येताना आम्ही स्टँडपर्यंत चालत होतो. मला वाटलं, मिटलं. मी खुशीत म्हणालो, "झालं की भाऊसो! आक्का हसल्या, तेही आपणहून. फोटो मिळाला. आता तरी राग सोडा."

तो थांबला, शर्टाच्या खिशावर हात ठेवला आणि म्हणाला, "ह्यो तिला पायजे तसा काढला मास्तर, मला पायजे हुता त्यो तुमी जाळलासा त्यो जाळलासाच."