ढगातलं दीड मिनिट

दातवाल्यांच्या हातून आयुष्यात फारशा चुका झाल्या नव्हत्या. धंदाच तसा होता. शहरातले चार दंतवैद्य त्यांच्याकडे लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवायचे आणि दातवाले आपल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून त्यावरून कवळ्या घडवायचे. मेणात एकेक दात बसवायचा, भिंगातून बघायचा, काढायचा, पुन्हा बसवायचा. केसभर फरक राहिला तरी ज्याच्या तोंडात ती कवळी जाणार त्याला पहिल्या घासाला कळतं. त्यामुळे एका दाताकडे तासभर एकटक बघत बसणं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

‘दातवाले’ हे नाव त्यांना फ्लाइंग क्लबात पडलं. पंचेचाळिसाव्या वर्षी ते तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा घरच्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, जाईल. पण खूळ टिकलं. दोन वर्षांत त्यांनी खासगी वैमानिकाचं लायसन्स मिळवलं आणि मग दर रविवारी सकाळी क्लबाचं चार आसनी विमान घेऊन ते तासभर उडून यायचे. हे लायसन्स होतं डोळ्यांनी बघून उडवण्याचं. खाली जमीन दिसली पाहिजे, समोर क्षितिज दिसलं पाहिजे. ढगात शिरायचं नाही, ही त्यातली पहिली अट.

ती अट त्यांनी मोडली तेव्हा शेजारच्या सीटवर त्यांची एकुलती एक मुलगी होती. ठकी. खरं नाव वेगळं, पण लहानपणी बाहुलीसारखी एका जागी बसून राहायची म्हणून ठकी. ती दुसऱ्या शहरात कॉलेजात होती आणि सुट्टीला घरी यायची होती. बसने सहा तास, विमानाने सव्वा. दातवाले मोठ्या ऐटीत तिला आणायला गेले. निघताना हवामानाच्या कागदावर लिहिलेलं होतं की संध्याकाळपर्यंत टेकड्यांवर ढग उतरतील. ठकी म्हणाली, “बाबा, उद्या सकाळी निघूया ना. मी मैत्रिणीकडे राहीन, तू हॉस्टेलच्या गेस्टरूममध्ये.”

“अगं, टेकड्या ओलांडल्या की पोचलोच. आई जेवायची थांबली असेल.”

टेकड्यांपाशी ढग खाली आलेले होते. दातवाल्यांनी विमान थोडं खाली घेतलं, आणखी थोडं घेतलं, आणि मागे फिरायचं की नाही हा विचार करता करता काचेबाहेर सगळं पांढरं झालं.

पुढचं जेमतेम दीड मिनिट. त्यांना वाटत होतं, विमान सरळ चाललंय. अंग तसं सांगत होतं. पण इंजिनाचा आवाज चढत गेला, वाऱ्याचा घोंघाट वाढला आणि उंचीचा काटा उलटा फिरायला लागला. विमानाचं नाक वर यावं म्हणून त्यांनी दांडा मागे खेचला. तशी ठकी म्हणाली, “बाबा, बॅग जड का लागतेय?” तिच्या मांडीवर कॉलेजची बॅग होती. दातवाल्यांनी आणखी जोरात खेचलं. पण विमान एका अंगावर कललेलं होतं, त्यामुळे खेचल्याने ते आणखीच गिरकी घेत खाली चाललं आणि काटा आणखी भरभर फिरला. आणि एकदम ढग संपला. समोरच्या काचेत आकाश नव्हतं, तिरपी जमीन होती, आणि झाडांचे शेंडे वेगवेगळे ओळखू येत होते. हातांनी आपोआप विमान सरळ केलं. एका शेंड्यावरून कावळे उडालेले दोघांनीही बघितले.

विमान उतरवून, इंजिन बंद करून, दातवाल्यांनी पट्टा सोडला आणि मुलीकडे वळून म्हणाले, “मजा आली ना?”

“हो,” ठकी म्हणाली.

घरी दोघंही काही बोलले नाहीत. बायको शाळेत गणित शिकवायची. तिने एवढंच विचारलं, “प्रवास कसा झाला?” दातवाले म्हणाले, “थोडे ढग होते.” ठकीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. सुट्टी संपल्यावर ती बसने परत गेली. पुढच्या सुट्टीला तिला म्हणे अभ्यास होता. फोन आईला यायचे. बाबांनी घेतला तर, “बरी आहे, आईला दे.”

तीन आठवड्यांनी दातवाल्यांनी क्लबात जाऊन सांगितलं की त्यांना पुढचं शिकायचंय. नुसत्या उपकरणांवर उडायचं, बाहेर काहीही दिसत नसताना. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात त्याला. हे शिकवायला क्लबात एकच व्यक्ती होती. मॅडम. बत्तीस वर्षं मालवाहू विमानं उडवून निवृत्त झालेल्या, गुडघे दुखायचे म्हणून पंखावर चढताना स्वतःलाच शिव्या देणाऱ्या.

“कशासाठी हवंय?” मॅडमनी विचारलं.

“ज्ञानात भर.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या हातात एक टोपी दिली. तिला पुढे लांब झापड होती. ती घातली की डोळे वर करूनही खिडकीबाहेरचं दिसत नाही, फक्त समोरच्या तबकड्या दिसतात. वेग, उंची, दिशा, चढ-उतार आणि मधोमध, विमान किती कललंय ते दाखवणारं एक छोटं खोटं क्षितिज. सगळ्यांवरून नजर फिरत ठेवायची, कुठेही थांबायचं नाही, हा त्यातला सगळा धडा. आणि नेमकं तेच दातवाल्यांना जमेना. एका काट्यावर नजर गेली की ती तिथेच चिकटायची. तो काटा ते अगदी केसभर जागेवर आणून ठेवायचे, आणि तोवर बाकीचे चार कुठल्या कुठे गेलेले असायचे.

“अहो, दात नाहीये तो!” मॅडम ओरडायच्या. “बघा आणि पुढे व्हा. बघा आणि पुढे व्हा!”

टोपीखाली हळूहळू जमायला लागलं. मग पाचव्या महिन्यात एका सकाळी मॅडमनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “टोपी राहू द्या. आज खराखुरा ढग आहे.”

काचेबाहेर पांढरं झालं आणि दातवाल्यांचे हात दांड्यावर आवळले गेले. कान गच्च भरून आले. खोटं क्षितिज सरळ होतं, पण अंग सांगत होतं की विमान डावीकडे पडतंय. त्यांनी उजवीकडे दाबलं. क्षितिज कलंडलं. मॅडमनी शांतपणे आपल्या बाजूचा दांडा धरला, विमान सरळ केलं, ढगावर नेलं. उन्हात आल्यावर त्यांनी दातवाल्यांच्या आवळलेल्या हातांकडे बघितलं.

“पूर्वी गेला होतात तुम्ही आत,” त्या म्हणाल्या. “एकटे?”

“मुलगी होती.”

“किती उंचीवर बाहेर पडलात?”

दातवाल्यांनी सांगितलं. मॅडमनी हेडफोन एका कानावरून सरकवला, कान चोळला, परत लावला. “माझ्या बॅचचे दोघं असेच गेले,” त्या म्हणाल्या. “त्यांना खाली मोकळी जागा मिळाली नाही, एवढंच. चला, पुन्हा आत जाऊ.”

“आत्ता?”

“आत्ता नाही गेलात तर कधीच जाणार नाही.”

त्या सकाळी ते सहा वेळा ढगात गेले. उतरल्यावर दातवाल्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्या दिवशी लॅबमध्ये बसून त्यांनी एका म्हातारबुवांच्या कवळीत वरचे दोन दात चक्क उलटसुलट बसवले. वीस वर्षांत पहिल्यांदा.

परीक्षा नवव्या महिन्यात झाली. परीक्षक मितभाषी गृहस्थ होते, मांडीवर पाटी ठेवून काहीतरी टिपत राहायचे. पहिला तास बरा गेला. मग उतरण्याची वेळ आली. टोपी घालून, टप्प्याटप्प्याने खाली यायचं. प्रत्येक टप्प्याला एक उंची ठरलेली, तिच्याखाली जायचं नाही, कारण खाली टेकड्या. दिशेचा काटा जरासा हलला. दातवाल्यांनी तो नीट केला. पुन्हा हलला. पुन्हा नीट केला. अगदी मधोमध आणून बसवला.

“आपण आत्ता किती उंचीवर आहोत?” परीक्षकांनी विचारलं.

दातवाल्यांनी बघितलं. ठरलेल्या उंचीपेक्षा साडेतीनशे फूट खाली.

“ताबा माझ्याकडे,” परीक्षक म्हणाले.

घरी आल्यावर ते बूट न काढताच स्वयंपाकघरात जाऊन बसले. बायको वह्या तपासत होती. त्यांचा चेहरा बघून तिने लाल पेन खाली ठेवलं.

“नापास?”

त्यांनी मान डोलावली.

“मग एवढं काय मनाला लावून घेता? माझ्या वर्गात निम्मी मुलं होतात. हौसेची तर गोष्ट आहे.”

“हौस नाही ती,” दातवाले म्हणाले. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. हवामानाचा कागद, ठकीचं ‘उद्या निघूया’, बॅग, झाडांचे शेंडे, कावळे. सांगून झाल्यावर बायको उठली, वह्यांचा गठ्ठा उचलून आतल्या खोलीत गेली आणि दाराला कडी लावली.

तीन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, “त्या तुमच्या मॅडमना मला भेटायचंय.”

क्लबाच्या ऑफिसात एक टेबल, एक नकाशा आणि एक फिरती खुर्ची होती. बायकोने पर्स छातीशी धरून उभ्याउभ्याच विचारलं, “या माणसाने माझ्या मुलीला मारलंच होतं. आणि तुम्ही याला परत वर पाठवताय?”

“बसा,” मॅडमनी खुर्ची पुढे केली. “डोळे मिटा. दोन्ही अंगठे वर करा. ज्या बाजूला फिरताय असं वाटेल, त्या बाजूला अंगठे वळवायचे. उघडायचं नाही हं.”

बायकोला हे चमत्कारिक वाटलं, पण मॅडमच्या आवाजात शाळेच्या हेडबाईंची जरब होती. ती बसली. मॅडमनी खुर्ची हळूहळू, एकाच वेगाने फिरवायला सुरुवात केली. अंगठे उजवीकडे वळले. पाच फेऱ्या, सात फेऱ्या. अंगठे हळूहळू सरळ झाले.

“थांबवलीत ना?” बायको म्हणाली. खुर्ची तशीच फिरत होती.

मॅडमनी खुर्ची थांबवली. अंगठे झपकन डावीकडे गेले. “आता उलटी फिरवताय. अहो, किती जोरात!”

“डोळे उघडा.”

बायकोने उघडले. खुर्ची ठप्प उभी होती. मॅडमचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. बायकोने खुर्चीचे हात घट्ट धरले आणि नकाशावर नजर लावली. मग तिने विचारलं, “हे सगळ्यांना होतं?”

“मला अजून होतं. कानाच्या आतली गोष्ट आहे, तिला शिकवता येत नाही. फक्त तिचं ऐकायचं नाही, एवढं शिकवता येतं.”

“म्हणजे यांची चूक नव्हती.”

दातवाले दारात उभे होते. “ढगात शिरलो, ती माझीच होती,” ते म्हणाले.

“आणि घरी येऊन दहा महिने तोंड शिवून बसलात, ती?” बायको म्हणाली. मग मॅडमकडे वळली. “पास होईपर्यंत सोडू नका यांना.”

दुसऱ्यांदा ते पास झाले. परीक्षकांनी हात मिळवला आणि एवढंच म्हणाले, “यावेळी विचारावं लागलं नाही.” दातवाल्यांना वाटलं होतं की त्या कागदावर सही झाली की छातीवरचा धोंडा उतरेल. तो काही उतरला नाही. एकदा ते एकटेच गेले, रीतसर परवानगी घेऊन ढगात शिरले, वर निघाले, परत खाली आले. सगळं ठरल्याप्रमाणे. विमान जागेवर लावून ते दहा मिनिटं तसेच आत बसले. हेच त्या दिवशी येत असतं तर, एवढं एकच डोक्यात येत राहिलं.

ठकी त्यानंतरच्या सुट्टीला आली, बसनेच. आईने तिला फोनवर सांगितलेलं होतंच. दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅबमध्ये आली आणि टेबलावरच्या साच्यांशी चाळा करत उभी राहिली.

“आईला सांगितलंस म्हणे.”

“हो. आता माझ्याकडे ते रेटिंगही आहे. पुन्हा तसं होणार नाही, ठके. तुला कधी वाटलं तर...”

“मी नाही बसणार, बाबा. कधीच नाही.”

“बरं.”

“तुला वाटतंय मी विमानाला घाबरते. तसं नाहीये.” तिने साचा खाली ठेवला. “चूक झाली तर झाली. पण तू उतरल्यावर काय म्हणालास? मजा आली ना! मी तुझं तोंड बघत होते तेव्हा. पांढरंफटक होतं. आणि तू मला विचारतोयस मजा आली ना! मग मलाच वाटायला लागलं की मी वेडी आहे, मलाच काहीतरी भलतं दिसलं.”

दातवाल्यांच्या हातात मेणाची सुरी होती. ती त्यांनी कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना.

“मला वाटलं आपण संपलो,” ते म्हणाले. “शेंडे दिसले तेव्हा. तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. आणि उतरल्यावर मला तुझी माफी मागता येईना, म्हणून ते बोललो.”

ठकी रडली नाही. उलट भडकली. “एवढंच बोलायचं होतं! एक वर्ष लागलं?” म्हणाली आणि दार आपटून निघून गेली. उरलेले चार दिवस ती त्यांच्याशी धड बोलली नाही. नवरा-बायको तिला स्टँडवर सोडायला गेले तेव्हा खिडकीतून तिने हात केला, पण तो आईलाही असू शकत होता.

संध्याकाळी लॅबमधला फोन वाजला. लॅबच्या नंबरावर ती कधीच करत नसे.

“पोचले,” ठकी म्हणाली. “बस दोन ठिकाणी बंद पडली. आणि शेजारी एक बाई होत्या, त्यांची कवळी सारखी निसटत होती. मी त्यांना तुझा पत्ता दिलाय.”

“वरची की खालची?”

“खालची.”

“खालचीच निसटते,” दातवाले म्हणाले, आणि ती का निसटते ते सांगू लागले. ठकी ऐकत राहिली.