चिठ्ठीच्या मागची शून्यं

आमच्या ऑफिसात एका बाजूनं कोरा कागद कुणी फेकत नाही. उलटा करून टेबलावर ठेवायचा, रफ कामाला वापरायचा. आरोग्य विभागाच्या लेखाशाखेत माझी पंचवीस वर्षं गेली, आणि ही सवय हातात इतकी बसली की कागद आधी सुलटा करून वाचावा, हेही कधी कधी राहून जातं. एकदा राहिलं. ते गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

आमच्या शहरातल्या गुढियारी वस्तीच्या आरोग्य केंद्राला सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची पक्की तपासणी करणारी मशीन मंजूर झाली होती. तिथली नर्स दोन वर्षं त्यासाठी मागे लागली होती. ती भंडाऱ्याकडची, आमच्याच समाजाची, मला भाऊ म्हणते. मशीन खोक्यात येऊन केंद्रात उभी होती. पैसे मिळाले की कंपनीचा माणूस येऊन बसवणार होता. एकतीस मार्चला तिचं बिल ट्रेझरीतून पास व्हायचं होतं, नाहीतर मंजूर रक्कम लॅप्स, परत सरकारजमा.

त्याच दिवशी दुपारी पेपरात देशातल्या एका धनाढ्य माणसाची संपत्ती छापून आली होती. शेजारच्या टेबलावरचा माझा सोबती, ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला, मोठ्यानं वाचू लागला.

"एवढे तर फक्त काल वाढले, भैया. शेअर चढला म्हणून. हा झोपला असेल तेव्हा."

मी म्हटलं, "याच्यात आपला विभाग किती वर्षं चालेल, लावून पाहू."

कॅल्क्युलेटरवर शून्यं मावेनात. मी समोरचा कोरा कागद ओढला आणि हातानं भागाकार मांडला. आधी राज्याचं आरोग्याचं बजेट, मग सगळ्या शहराच्या दवाखान्यांची औषधं, मग नर्सांचे पगार. उत्तरं वर्षांत येऊ लागली. नंतर वर्षंही पुरेनात, पिढ्यांत मोजू लागलो: सोबत्याची नात, मग तिची नात. आकडे इथे लिहीत नाही. पेपरातल्या आकड्यांवर माझा भरवसा नाही, आणि माझ्या भागाकारावर तर त्याहून नाही.

"गुढियारीची मशीन किती वेळात निघते?" त्यानं विचारलं.

"डोळ्याची पापणी लवायच्या आत."

"याच्याकडे एकतीस मार्च नसतं ना भैया. याचं काहीच लॅप्स होत नाही."

आम्ही हसलो. चहा मागवला. मी हिशेब पुढे चालू ठेवला, कारण चीड येत होती आणि त्या चिडीत एक सुखही होतं.

संध्याकाळी ट्रेझरीची खिडकी बंद झाल्यावर तो कागद उलटला. ट्रेझरीनं परत पाठवलेली आक्षेपाची चिठ्ठी होती ती. मशीनच्या बिलावर साहेबांची एक सही राहिली होती. साहेब दिवसभर आतल्या खोलीतच बसून होते. दहा पावलांवर. शिपायानं चिठ्ठी दुपारीच ठेवली होती, कोरी बाजू वर.

मी ती घडी करून खिशात घातली. साहेबांना म्हटलं, आक्षेप उशिरा आला.

पुढच्या वर्षी ती रक्कम पुन्हा मंजूर झाली नाही. पावसाळ्याआधी कंपनीनं खोकं उचलून नेलं. नर्सचा फोन आला, "भाऊ, मशीन काहून नेली?"

"वरून पैसाच नाही ना ताई," मी म्हणालो. "एकेका माणसाकडे एवढा पैसा पडला आहे आणि आपल्याकडे मशीन नाही." हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला ते इतकं सोपं गेलं. पुढे पाच-सहा वर्षं चहाच्या टपरीवर, लग्नांत, बुद्धविहाराच्या अंगणात मी तो भागाकार लोकांना ऐकवत राहिलो. लोक मान हलवायचे. मला जाणता माणूस समजायचे.

गेल्या महिन्यात नर्स ऑफिसात आली. तिच्या भागात मालधक्क्यावर हमाली करणाऱ्या एका जोडप्याची मुलगी आहे, चार वर्षांची, सिकलसेलची. दर थोड्या दिवसांनी हाडं ठणकतात, रक्त चढवावं लागतं.

"दोघंबी वाहक निघाले, पण ते कळलं पोट्टी झाल्यावर," ती म्हणाली. "माय पोटुशी होती तवा मी मोठ्या दवाखान्यात जा म्हणून सांगितलं होतं. दोघांची मजुरी बुडते म्हणून गेले नाहीत. इथं मशीन असती तर मीच केली असती तपासणी."

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, भागाकार, चहा, खिसा.

"मले सांगून काय होते भाऊ? मी तं तुमच्यावर रागावून घरी जाईन. तिच्या मायले सांगा. शनिवारी मोठ्या दवाखान्यात रक्त चढवाले नेते ती."

"हव," मी म्हणालो.

श्रीमंत माणसाची संपत्ती त्यानंतरही वाढली असेल. मी पेपरातलं ते पान उघडत नाही. दोन शनिवार गेले. दोन्ही वेळा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन स्कूटर वळवली. दुसऱ्या वेळी ती बाई मुलीला कडेवर घेऊन आत जाताना दिसली. चार वर्षांची पोर, पण कडेवर. सोबत आलेल्या नर्सनं मला पाहिलं. मग ती त्या बाईच्या मागोमाग आत गेली.