तोंड तुमचं, कान तिचा

माझी बहीण कमलताई गेल्याचं मला आधी कळवलं ते तिच्या विद्यार्थिनीनं, डॉ. रुबिनानं. "मामा, चाकूरला निघा. मॅडमच्या घरचे ऐकत नाहीत. आपल्या हातात काही तासच आहेत..."

ताई लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायची आणि तिचा जीव अडकला होता माणसाच्या आतल्या कानातल्या चेतापेशींत. डोक्यातल्या सगळ्यांत टणक हाडात गोगलगाईच्या शंखासारखी पोकळी असते, तिथं या पेशी बसतात आणि ऐकलेलं मेंदूकडं पाठवतात. "जनावरांत या पेशींवर वायरीसारखं आवरण असतं," ती जेवतानाही सांगायची, "माणसाच्या मात्र बहुतेक उघड्या, एकमेकींना खेटून. का, ते अजून मला सांगता येत नाही." "ताई, आधी भाजी वाढ," मी म्हणायचो. हसायची आणि पुन्हा तेच... उंदरा-मांजरांचे कान मिळायचे. माणसाचा हाती येईस्तोवर पेशी सडलेल्या, कारण शेवटचं तोंड बघायला सगळे जमेपर्यंत आपल्याकडं मढं हलत नाही. म्हणून तिनं स्वतःचाच देह कॉलेजला लिहून दिला होता.

पोचलो तर दाजी दारात खुर्ची टाकून बसलेले, रुबिना बाहेर उभी. "पोरगा पुण्याहून येईस्तोवर तिला कुणी हात लावायचा न्हाई."

"तोवर तिच्या कानात काय उरंल, दाजी?"

"मेल्या माणसाच्या कानाचं काय करतो रे?"

डोकं फिरलं. पण मी नायगावात जुन्या ट्रॅक्टरांचे सौदे करणारा माणूस. ओरडलं की सौदा तुटतो, हे मला ठाऊक. रुबिनाला बाजूला घेऊन विचारलं, हाड आत्ता न काढता पेशी वाचतील का? ती म्हणाली, कानाच्या पडद्यातून बारीक सुईनं आत औषध सोडता येईल, पेशी आहेत तशा राहतील, चेहऱ्याला ओरखडाही नाही. बस्स. दाजींसमोर जमिनीवर बसलो. "तोंड तुमचं, कान तिचा. पोराला पोटभर बघू द्या, मग गाडी लातूरला जाईल. सुई मात्र आत्ता."

"आन् मी न्हाई म्हनलो तर?"

"तर हितून हलत न्हाई. पोराला सांगतो, तुझ्या आईनं एकच गोष्ट मागितली आन् तुझ्या बापानं दिली न्हाई."

दाजींनी दारातली खुर्ची सरकवली. रुबिना सुई घेऊन आत गेली.

पुढं गावभर झालं, भावानं बहिणीचं मढं विकलं. ताईच्या मागं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमालाही दाजींनी मला बोलावलं नाही. बोला काय बोलायचं ते. मी ट्रॅक्टर विकतो, बहीण नाही. तिचा शब्द पाळला, त्याची माफी कुणाच्या बापाकडं मागणार नाही.

हाड मऊ करून काप काढायला काही महिने गेले. परवा रुबिनानं लातूरला बोलावलं. ताईची खोली, ताईचाच सूक्ष्मदर्शक. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग रुबिनानं चाक फिरवलं... जांभळे गोल, दोन-दोन, तीन-तीन, एकमेकांना खेटून.

"सडल्या नाहीत ना?"

"मामा, इतक्या चांगल्या मी पहिल्यांदाच बघतेय."

दाराशी विद्यार्थी खोळंबले होते. रुबिनानं दोनदा घड्याळ पाहिलं. मी स्टुलावरून उठलो नाही.