नानांच्या तेराव्याची केळी

नाना, म्हणजे माझे वडील, वारले आणि माझ्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी विषय मिळाला.

मी तेव्हा शिरपूरच्या हायस्कुलात शास्त्र आणि गणित शिकवत होतो. स्वातंत्र्य नवं होतं, माझी पदवीही नवी होती. "पुस्तकं मिटा, जगात उतरून प्रयोग करा!" असं मी वर्गात ओरडायचो. (वर्ग पुस्तकं मिटायचा. पुढचं माझ्यावर सोडायचा.)

नानांनी हौसेने केळीची बाग लावली आणि पहिले घड उतरायच्या आत ते गेले. अक्काचं, म्हणजे आमच्या आईचं, एकच मागणं होतं: तेराव्याच्या पंगतीला त्या बागेतल्या केळ्यांची शिकरण वाढायची. केळी पिकवायची आमची रीत सोपी. खोलीत घड रचायचे, गोवऱ्यांचा धूर करायचा, दार मातीने लिंपायचं आणि मध्ये उघडायचं नाही.

"पण केळी धुराने पिकतात की उबेने? सिद्ध कोणी केलंय?" मी विचारलं.

"पिकतस ना, भाऊ!" अक्का म्हणाली.

मी ऐकतोय कसला! अर्धे घड धुराच्या खोलीत रचले, अर्धे तुलनेसाठी ओसरीत टांगले. थर्मामीटर घेऊन मुलं आली. आतलं तापमान पाहायला प्रत्येकाने दार उघडलं. धूर निघून गेला म्हणून प्रत्येकाने गोवऱ्या वाढवल्या. त्यांचा आलेख मात्र सुरेख चढत होता!

तेराव्याच्या सकाळी पाहिलं, तर खोलीतली केळी भाजून काळी झालेली. ओसरीतली हिरवीगार.

"ह्या हिरव्या का शेतस रे?" नानांचे थोरले भाऊ, आबा, गरजले.

"ती तुलनेसाठी आहेत, आबा."

"मंग पंगतले काय वाढवानं? तुलना?"

अक्काने विळी ओढली आणि हिरवी केळी भाजीला चिरायला घेतली. नानांना ती भाजी डोळ्यांसमोर चालत नसे. इतके दिवस कोरडा राहिलेला मी तेव्हा भडभडून रडलो. (बापासाठी रडतोय असं लोकांना वाटलं. तेही होतंच.)

पंगती उठल्यावर अक्का म्हणाली, "मी मरसू तव्हय मना तेराव्याले तुलना करू नको."

नाही केली. पुढे अक्का गेली तेव्हा केळी माझ्या भावाने पिकवली. पिवळीधमक, नानांच्याच मळ्यातली. शास्त्राच्या मास्तरला कोणी त्या खोलीकडे फिरकू दिलं नाही. माणसं किती, पत्रावळी किती, एवढाच हिशेब माझ्याकडे दिला.

पत्रावळी कमी पडल्या. गणितही मीच शिकवत होतो!