भास्करमामाची डबल बेल

हे आत्ताच सांगते, न्हाई तर परत हिंमत व्हायची न्हाई. भास्करमामाला जाऊन सात आठवडे झाले आणि तवापासून मी डोळे मिटून केस धुतले न्हाईत. शाम्पू झोंबतो, डोळे लालभडक होतात, पण मिटवत न्हाईत... मिटले की तो आवाज येतो.

मामा म्हंजे माझ्या आईचा थोरला भाऊ. धारूरच्या घाटात त्यानं सगळी नोकरी एसटी चालवली. रिटायर झाल्यावर दर रविवारी सकाळी आमच्या विहारात आमाला ध्यानाला बसवायचा. घंटा म्हणून त्यानं भंगारात निघालेल्या गाडीची बेल आणलती, कंडक्टर दोरी ओढून वाजवतो ती. विहाराच्या भिंतीला ठोकली आणि तिच्याच खाली पाठ टेकून बसायचा. गाडीतलाच नियम... एक बेल म्हंजे थांबा, डबल बेल म्हंजे चला. पाली शब्द सुद्धा तो डायवरसारखाच सांगायचा. सती म्हंजे काय, तर घाटात डोळा न लागू देणं. अनिच्च म्हंजे वळण, कितीबी अवघड असू दे, संपतं. वेदना म्हंजे दुखणं असं मी म्हणले तर म्हणला, नुसतं दुखणं न्हाई पोरी, गार वारं लागलं ती बी वेदनाच.

मला सगळ्यात अवघड गेली ती उपेक्खा. काय बी झालं तरी मन हलू द्यायचं न्हाई. त्यात तासभराचं अधिष्ठान, म्हंजे डबल बेल होईपर्यंत हात, पाय, डोळे काहीच हलवायचं न्हाई. एकदा आमच्यात बसणाऱ्या शांताकाकूच्या घोट्याला मुंगळा डसला, तरी ती बसून राहिली. उठल्यावर घोटा चोळत म्हणली, "मामा, उद्या विंचू निघाला तर त्याला बी नमो बुद्धाय म्हणायचं का?" आमी सगळे लई हसलो. मामा हसला न्हाई.

"मुंगळा चावला तर बघत बस. विंचू दिसला तर उठ, आणि शेजारच्याला बी उठव. उपेक्खा म्हंजे दगड होणं न्हाई."

मला मुंगळा ध्यानात राहिला. विंचू विसरले.

त्या रविवारी मामा सोडून आमी नऊजण होतो. मी मामाच्या सगळ्यात जवळ, दोन हातांवर. अर्धा तास झाला असंल आणि मामाचा श्वास मोठा झाला... घोरल्यासारखा, पण अडकत अडकत. मग एकदा जोरात ओढला. मग काहीच न्हाई. डोळे उघडायचे होते, खरंच सांगते, पण अधिष्ठान मोडंल म्हणून मी स्वतःलाच समजावत बसले, ही बी वेदनाच, अनिच्च, जाईल. खिडकीतलं ऊन पायावर होतं ते मांडीवर आलं. तास कधीच होऊन गेलता. बेल वाजंना. सगळ्यांना वाटलं, आज मामा जास्त बसवतोय. शेवटी शांताकाकूच म्हणली, "मामा, बेल विसरलात का?"

डोळे उघडले तर मामाची मान छातीवर पडलती. दोरी हातातच होती.

डॉक्टर म्हणले झटका होता, लगेच आणलं असतं तरी काय सांगता येत न्हाई. "काय सांगता येत न्हाई" यानंच माझी झोप गेली. दुपारी आई जरा आडवी झाली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. ती चिडते, मला जित्तेपणी कशाला मारायलीस म्हणते.

पंधरा दिवसांपूर्वी मामीकडं गेलते आणि सगळं सांगून टाकलं... आवाज ऐकलता, तरी डोळे उघडले न्हाईत. मामी शेंगा निवडत होती. हात थांबले तिचे. मला वाटलं आता हाकलते.

"जन्मभर घोरला तो माणूस," मामी म्हणली. "मी एकदा बी उठून बघितलं न्हाई. तिथं असते तर मी बी बसूनच राहिले असते."

मी रडायला लागले तर म्हणली, रडून काय व्हतंय, तिथं आता डोळे उघडे ठेवणारं कुणीतरी पायजे, तू बस बेलखाली.

गेल्या रविवारी बसले. आधी सगळ्यांना मामाचं ते विंचवाचं सांगितलं. शांताकाकू पदरानं डोळे पुसत म्हणली, आता आमी शिंकलो तरी ही अँब्युलन्स बोलवंल. सगळे हसले, मी बी. मग एक बेल दिली आणि तासभर डोळे उघडे ठेवून एकेकाची छाती बघत बसले, वर, खाली, वर, खाली. काकूचा श्वास जरा लांबला तर मी अर्धी उठलते. भीती गेली न्हाई, खोटं कशाला सांगू. पण घाटात मामाचा डोळा का लागत नसंल, ते त्या दिवशी कळलं... तो बी भीतच असंल, मागं बसलेल्या सगळ्यांसाठी.

दोरी मामाच्या हातानं काळी पडलीय, एवढीच वीतभर, धरायच्या जागी. तिथंच धरली आणि दोनदा ओढली. सगळ्यांनी डोळे उघडले. मी मोजले. आठच्या आठ.

तुमच्यासोबत झालंय का हो असं? शेजारी काहीतरी बिघडतंय हे कानाला कळलं, आणि नियम हाय म्हणून तुमी डोळे मिटूनच बसलात?