घरातले मोजे

नंदामावशींच्या संशयी स्वभावाचे किस्से परदेशातल्या वेस्ट विंडसरच्या मराठी घरांत चहाबरोबर चवीने सांगितले जातात. दुकानात दुधाचा कॅन घेताना त्या पुढचे सगळे बाजूला सारून पार मागून एक ओढून काढतात. शेजारणीने केकचा तुकडा दिला, तर आधी विचारतात, "कधी केलास?" एका औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात त्यांची सारी नोकरी गेली. यंत्राचा अलार्म वाजला नाही म्हणजे यंत्र ठीक, असं त्यांनी तिथे कधी मानलं नाही. "आधी अलार्म चालू आहे का ते बघा," असं त्या नव्या पोरांना सांगायच्या.

अशा बाईच्या घरात तिच्या नवऱ्याने, त्र्यंबककाकांनी, एक दिवस मोजे घालायला सुरुवात केली.

काका म्हणजे घरात अनवाणी चालणारा माणूस. दारात बूट काढले की पायाला जमीन लागलीच पाहिजे. एकदा गळका नळ दुरुस्त करायला आलेला आडदांड प्लंबर त्यांनी दारातूनच परत पाठवला होता, बूट काढायला नाही म्हणाला म्हणून. आणि आता हाच माणूस भर जुलैत पायांत जाड मोजे चढवून सोफ्यावर पेपर वाचत होता.

"हे काय नवीन?" मावशींनी विचारलं.

"एसीनं पाय गार पडतात."

मावशींनी मुकाट्याने एसी बंद केला. घामाने काकांची बनियन भिजली, पण मोजे निघाले नाहीत. सकाळी पूजेला बसले, तेही मोज्यांसकट. तिथे मावशींचा संशय पक्का झाला. देवासमोर मोजे घालून बसायचं म्हणजे कारण तसंच मोठं असणार.

पहिला संशय गोडावर गेला. काकांना डायबेटिस. आयसेलिनच्या देशी बाजारात केस कापायला म्हणून जायचे आणि पेढ्याचा वास घेऊन यायचे. पण मोज्यात कोणी पेढे लपवत नाही. मग एका दुपारी त्या लायब्ररीतून जरा लवकर घरी आल्या, तर वॉशिंग मशीन चालू होतं. ज्या माणसाला त्या मशीनचं झाकण कुठून उघडतं ते ठाऊक नव्हतं, तो समोर उभा राहून आत काय फिरतंय ते बघत होता.

"तेवढीच तुला मदत," काका म्हणाले.

"बाई गं!" मावशी म्हणाल्या आणि मशीन थांबवलं. आत मोज्यांचा एकच जोड. उजव्या मोज्याला अंगठ्याच्या खालच्या बाजूला पिवळट डाग, धुऊनही न गेलेला.

स्वयंपाकघरातली खुर्ची ओढून मावशींनी काकांसमोर ठेवली.

"बसा. मोजा काढा."

"अगं, काही नाहीये."

"काही नसेल तर काढायला काय जातंय?"

काकांनी नाइलाजाने मोजा काढला. अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, पाण्यात फार वेळ भिजल्यासारखी पांढरी फटक कातडी आणि मधोमध खड्डा. कडा लाल.

"कुरूप होतं," काका म्हणाले. "पुण्याहून आणलेली कॉर्न कॅप लावली. ती ओली पट्टी गं, कुरूप जाळते ती. गेलं की कुरूप! आणि जरासुद्धा दुखत नाही."

हे शेवटचं वाक्य ते जिंकल्यासारखं बोलले. मावशींना नेमकं त्याचंच भय वाटलं. एवढा खड्डा, आणि दुखत नाही? अलार्म वाजत नव्हता.

"मग लपवलंत कशाला?"

काका काढलेल्या मोज्याची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "तू डॉक्टरकडे नेशील म्हणून. नागपूरला माझ्या दादाचं काय झालं, आठवतं ना? दवाखान्यात चालत गेला आणि चाकांच्या खुर्चीत बसून परत आला. डॉक्टरला पाय दाखवला की तो कापतोच."

"चालत गेले?" मावशींचा आवाज चढला. "हळद बांधून पावसाळाभर घरात बसले होते, ते सोयीस्कर विसरलात! पाय काळा पडल्यावर उचलून नेलं त्यांना."

मावशींनी मैत्रिणीला, शुभाला फोन लावला. शुभाची लेक इशिता पायांची डॉक्टर होती, पोडायट्रिस्ट, आणि तिचं क्लिनिक जवळच होतं. शुभाने तिलाच फोनवर घेतलं.

फोन ठेवल्याबरोबर काका फुरफुरले, "इशिता? ती मराठी शाळेत बाकाखाली झोपायची ती? मेडिकलला मिळालं नाही म्हणून पायांचं घेतलं तिनं. नखं कापणारी डॉक्टर!"

खरं सांगायचं तर मावशींचं मतही फार वेगळं नव्हतं. आपल्या लोकांत हार्टचा डॉक्टर तो डॉक्टर, पायाचा तो कोण? पण फोनवर इशिताने जखमेचं ऐकल्यावर एकच विचारलं होतं, "मावशी, कॅन यू कम राइट नाउ?" साधी अपॉइंटमेंट मिळायला महिना लागणाऱ्या या देशात कोणी "आत्ता या" म्हणालं, की मावशींना संशय यायचाच. आज त्या संशयानेच त्यांना गाडीत बसवलं.

क्लिनिकमध्ये इशिताने आधी पायांचे फोटो काढले, हाडाचा एक्स-रे काढला. मग नायलॉनचा एक ताठ धागा हातात घेतला.

"काका, डोळे बंद. धागा लागला की हो म्हणायचं, ओके?"

काकांनी डोळे मिटले. मावशी शेजारच्या स्टुलावर बसून बघत होत्या. इशिताने धागा अंगठ्याला टेकवला, दाबला. धागा धनुष्यासारखा वाकला. काका गप्प. तिने तो बोटांखाली टेकवला, टाचेला टेकवला. काका शांत, चेहऱ्यावर रांगेत नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसाचा भाव.

"सुरू केलंस का गं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"मघाशीच केलं, काका."

मावशींनी पदर नसताना पदर शोधला. काकांनी डोळे उघडून तळव्यात रुतलेला धागा पाहिला आणि नखं कापणाऱ्या डॉक्टरबद्दल जे काही बोलायचं होतं ते सगळं गिळलं.

"पाय राहील ना?" त्यांनी विचारलं.

"एक्स-रे क्लीन आहे. हाडापर्यंत गेलेलं नाही. पण अजून थोडे दिवस मोजे घातले असते, तर मी हे सांगू शकले नसते." इशिता मेलेली कातडी काढू लागली. "डायबेटिसमध्ये शुगर पायाच्या नसा खाते. म्हणून दुखत नाही. कॉर्न कॅपमध्ये ॲसिड असतं. त्याने कुरपाबरोबर तुमचा पायही जाळला, यू जस्ट डिडन्ट नो. आता कॅप नाही, ब्लेड नाही, अनवाणी नाही. घरातसुद्धा."

"घरात चपला?" काका हादरले.

"नव्या घ्या. घरातच वापरा, बाहेर नेऊ नका. देवाला चालेल. बूट घालायच्या आधी आत हात फिरवायचा. आणि फोड, चीर, रंग बदलला, सूज आली, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला, तर दुखायची वाट बघायची नाही. त्याच दिवशी फोन. रोज कुणीतरी पाय बघायला हवा."

"बघते की," मावशी म्हणाल्या. जन्मभर ज्याच्यासाठी टोमणे खाल्ले, ते काम त्यांना आता डॉक्टरनेच दिलं होतं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी काकांचे पाय मावशींच्या मांडीवर आणि फोनचा टॉर्च तळव्यावर. बोटांच्या बेचक्यासुद्धा सुटत नव्हत्या. काका म्हणायचे, "कस्टमवाल्यांनी एवढं तपासलं नव्हतं." जखम हळूहळू आवळत गेली. पानं पिवळी व्हायच्या सुमाराला इशिताने खड्ड्याच्या जागी आलेली गुलाबी कातडी दाखवली आणि "क्लोज्ड!" म्हणून काकांना टाळी दिली.

काका उठले नाहीत. मावशींकडे बोट दाखवून म्हणाले, "आता हिचा पाय बघ."

"माझा? मला काय झालंय?" मावशी म्हणाल्या.

"मलाही डोळे आहेत. सकाळी पलंगावरून उतरलीस की भिंत धरून चालतेस. न्हाणीपर्यंत लंगडतेस आणि चहा होईस्तोवर नीट होतेस. गेला हिवाळा संपल्यापासून चाललंय. मी विचारलं तर म्हणतेस, काही नाही."

"संशय घेताय माझ्यावर?"

"तुझ्याकडूनच शिकलो."

इशिता हसू दाबत म्हणाली, "मावशी, शूज काढा." तिने मावशींची टाच हातात घेतली आणि आतल्या बाजूला अंगठ्याने दाबली.

"आई गं!" मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

काका वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"दुखलं?" त्यांनी विचारलं.

"मग काय! जीव गेला माझा."

"नशीबवान आहेस," काका म्हणाले आणि आपल्या नव्या चपलांत पाय सरकवण्याआधी त्यांनी आत हात फिरवून पाहिला.