रांजणाची जागा

आमच्या गल्लीतले आबा गाणं बंद असताना स्पीकरला कान लावायचे. डोळे मिटून म्हणायचे, "घुमस अजून." तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. लोक गाणं ऐकतात, तो घरघर ऐकतो.

धरणगावच्या आमच्या विहारातला अॅम्प्लिफायर आबांनीच बनवलेला. पत्र्याचा डबा, आत हाताने तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर. बुद्ध पौर्णिमेला वंदना मी सांगायची असं बायकांनी ठरवलं. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून चारचौघांत मी तोंड उघडलं नव्हतं. सरावाला माईक धरला तर नुसती घूं घूं. माझा बारीक आवाज त्यात बुडाला.

"अक्का, जेवली नाहीस का?" शेजारीण हसली. "दुसरी कोणी उभी करा."

मी माईक ठेवू लागले. आबा म्हणाले, "ठेवू नको, माय. तुना आवाज लहान नही शे. हाऊ डबा घुमस."

दुपारभर डबा उघडा होता. आबांनी ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवला, माईकच्या तारेपासून लांब बसवला. घरघर निम्मी झाली. मग डब्यातल्या अर्थिंगच्या सगळ्या तारा सोडून एकाच स्क्रूवर आणल्या. तरी थोडी उरलीच.

"पुरे आबा, एवढं चालतं," शेजारीण म्हणाली.

"तुले चालस. हिना आवाजले नही चालत."

ते उठून विहारामागे गेले. तिथे अर्थिंगची तार जमिनीत पुरलेली. उन्हाने मातीला भेगा पडलेल्या.

"आठेना रांजण कोठे गया?"

चिखल होतो म्हणून तिथला पाण्याचा रांजण आम्ही बायकांनीच पुढच्या सावलीत नेला होता. त्याच्या झिरपण्यानेच तर ती जमीन ओली राहायची, आणि ओल असेल तरच अर्थिंग लागतं! रांजण परत आला. आबांनी खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरला, मी घागरी ओतत राहिले. संध्याकाळी आबांनी कान लावला आणि डब्याचं झाकण बसवून टाकलं.

पौर्णिमेला मी माझ्या बारीक आवाजातच वंदना सांगितली. पार मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माझ्यामागे म्हणत होत्या. आबा स्पीकरशेजारीच बसलेले.

"कशी झाली, आबा?"

"मी कोठे आयकी? घुमस का, तेच देखत बसनू."

आता आबा नाहीत. डबा तोच आहे. दर पौर्णिमेला मी आधी रांजण भरते, काठावरून सांडेपर्यंत. मग स्पीकरला कान लावते. बायका हसतात, हसू देत. आत शांत असलं की माईक हातात घेते.